लिएन चिएन-शिंग यांची चित्रं: ओसाड खाणी, भटके प्राणी आणि मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी तैवानला राहते, नवऱ्याची नोकरी शिन्चूला चिपच्या कंपनीत आहे. इथे आल्यापासून मला एका चित्रकाराचं वेड लागलंय आणि मी त्यांची चित्रं घरच्यांच्या, मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकत असते, मग दर वेळी तेच प्रश्न येतात आणि दर वेळी मी तेच टाइप करत बसते. म्हणून आता सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय, ज्याला जे हवं ते त्याने वाचावं.

हे लिएन चिएन-शिंग कोण?

जन्म १९६२, कीलुंग शहरातला. कीलुंग म्हणजे तैवानच्या अगदी उत्तर टोकाचं बंदर, तैपेईपासून ट्रेनने तासाभराच्या आत. शिक्षण तैपेईच्या चायनीज कल्चर युनिव्हर्सिटीत, फाइन आर्ट्स. १९९८ साली तैवानमधल्या काही चित्रकारांनी मिळून हानतू नावाचा ग्रुप काढला, त्यात यांग माओ-लिन, वू तिएन-चांग, लू शिएन-मिंग, क्वो वेई-क्वो ही मंडळी आहेत आणि लिएनही आहेत. बाकीच्यांची चित्रं बरीच मोठ्या आवाजात बोलतात, भडक रंग, थेट टोमणे. लिएन यांची चित्रं त्या सगळ्यात शांत. म्हणजे इतकी शांत की आपण हॉलमध्ये शिरल्यावर आधी दुसरीकडे बघतो आणि मग मागे वळून यांच्याच समोर उभे राहतो, माझं तरी तसंच झालं.

नावातलं आडनाव कुठलं?

लिएन. इथे आडनाव आधी येतं. त्यामुळे 'शिंग सर' म्हणू नका, माझ्या दिराने तसं म्हटलं होतं.

ती पडकी फॅक्टरी, तो डोंगर, ते विचित्र रंगाचं पाणी, हे सगळं मनाचं आहे ना?

नाही हो! हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचंच उत्तर मला सगळ्यात जास्त द्यावंसं वाटतं, म्हणून जरा लांबेल.

कीलुंगच्या पूर्वेला समुद्राला लागून डोंगर आहेत, तिथे जिओफेन, जिनग्वाशी आणि श्वेईनानतुंग अशी गावं आहेत. १८९० मध्ये रेल्वेचा पूल बांधताना कामगारांना कीलुंग नदीत सोन्याचे कण सापडले आणि मग लोक नदीच्या उगमाकडे शोधत शोधत वर गेले, १८९३ मध्ये जिओफेनच्या डोंगरात सोनं मिळालं, पुढच्या वर्षी जिनग्वाशीत. १८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेलं आणि जपान्यांनी १८९६ मध्ये डोंगराची सरळ वाटणी करून टाकली, एका बाजूची खाण एका उद्योगपतीला, दुसऱ्या बाजूची दुसऱ्याला. पुढे जिनग्वाशीत सोन्याबरोबर तांबंही निघायला लागलं. १९३३ मध्ये श्वेईनानतुंगला डोंगराच्या उतारावर एक अवाढव्य प्लांट उभा राहिला, दगड वरून आत टाकायचा आणि एकेक मजला खाली येत येत त्यातून धातू वेगळा काढायचा. लोक त्याला 'तेरा मजली' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, ब्रिटिश आणि कॉमनवेल्थच्या युद्धकैद्यांना इथल्या तांब्याच्या खाणीत जुंपलं होतं, त्यांचं स्मारक गावात आहे.

मग सगळं संपलं. जिओफेनची खाण १९७१ मध्ये बंद, जिनग्वाशीची सरकारी कंपनी १९८७ मध्ये बंद. माणसं तैपेईला निघून गेली, घरं रिकामी झाली, आणि पाऊस मात्र पडतच राहिला.

तो पाऊस समजून घ्या, कारण चित्रातला उजेड तिथून येतो. आपल्याकडे पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर, नंतर लख्ख ऊन. कीलुंगला ईशान्येचे वारे हिवाळ्यात पाऊस आणतात आणि एकूण वर्षातले जवळजवळ २०० दिवस काही ना काही पडतंच, लोक शहराला 'पावसाचं बंदर' म्हणतात. त्यामुळे सावली अशी पडतच नाही, सगळीकडे सारखाच राखाडी उजेड आणि त्यात हिरवा रंग मात्र इतका गच्च की डोळ्यात भरतो. सिमेंटच्या भिंतीवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवरून वेली. चित्रातलं ते झाडांनी गिळलेलं बांधकाम बघून लोकांना वाटतं चित्रकाराने वाढवून दाखवलंय. तिथे जाऊन बघा, त्यांनी काहीच वाढवलेलं नाही.

पाण्याचं पण तसंच. श्वेईनानतुंगच्या किनाऱ्याला समुद्र दोन रंगांचा आहे, किनाऱ्याजवळ पिवळट तपकिरी आणि पुढे निळा, त्याला यिन-यांग समुद्र म्हणतात. डोंगरातल्या लोखंडी खनिजांमुळे आणि खाणीतून झिरपणाऱ्या पाण्यामुळे तो रंग येतो. वर एक छोटा धबधबा आहे, त्याचे दगड हळदीच्या हातासारखे पिवळे-नारिंगी. दिसायला सोनेरी, पण त्या पाण्यात आर्सेनिक आणि जड धातू आहेत, हात घालायचा नाही.

मग प्राणी? ते तर तिथे नाहीत ना?

बरोबर, ते नाहीत. जागा खरी आणि पाहुणा अशक्य, सगळी गंमत तिथेच आहे. प्राणी चित्रकाराने आणून सोडलेत. मोठे जंगली प्राणी, ज्यांचा त्या डोंगराशी काही संबंध नाही, रिकाम्या कारखान्यात किंवा साचलेल्या पाण्याजवळ शांतपणे उभे.

मी आधी याकडे स्वप्न म्हणून बघायचे. पण तैवानची गोष्ट जसजशी कळत गेली तसतसं वाटायला लागलं की भटकणारा, जागा हरवलेला प्राणी ही इथे फार जवळची गोष्ट आहे. तीन उदाहरणं देते.

पहिलं हरणाचं. सतराव्या शतकात इथे डच होते आणि त्यांचा मोठा धंदा हरणांच्या कातड्याचा, जपानला विकायचे. एकट्या १६३८ सालात दीड लाखाच्या आसपास कातडी गेली. दीड लाख! तैवानचं ठिपकेवालं हरीण, आपल्या चितळासारखंच दिसतं, १९६९ च्या सुमाराला जंगलातून संपलं. १९८४ पासून प्राणिसंग्रहालयातली हरणं वाढवून ती दक्षिणेला केंतिंगच्या जंगलात परत सोडायचं काम सुरू झालं, आज तिथे पुन्हा हरणं आहेत.

दुसरं ढगाळ बिबट्याचं, इंग्रजीत क्लाउडेड लेपर्ड म्हणतात तो. रुकाई नावाच्या आदिवासी समाजात सांगतात की त्यांच्या पूर्वजांना राहायची जागा एका ढगाळ बिबट्यानेच दाखवली, त्याला ते लिकुलाव म्हणतात. संशोधकांनी वर्षानुवर्षं जंगलात कॅमेरे लावून ठेवले, एकही फोटो आला नाही, आणि २०१३ मध्ये तो तैवानमधून नाहीसा झाल्याचं जाहीर केलं. आणि २०१९ मध्ये तैतुंग भागातल्या एका आदिवासी गावच्या गस्तीवाल्यांनी आम्ही तो बघितला असं सांगितलं. म्हणजे विचार करा, देशभर लोक अशा प्राण्याची वाट बघतायत जो कागदावर नाहीच आहे.

तिसरं माझं सगळ्यात आवडतं. लिन वांग नावाचा हत्ती. १९४३ मध्ये ब्रह्मदेशात जपानी फौजेकडून चिनी सैन्याच्या हाती लागला, सामान वाहिलं, तिथून चीनमध्ये चालत आणला, १९४७ मध्ये जहाजाने तैवानला, १९५४ मध्ये तैपेईच्या युआनशान प्राणिसंग्रहालयात. १९८६ मध्ये ते प्राणिसंग्रहालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, मूजाला हलवलं, आणि प्राणी ट्रकवर चढवून भर रस्त्यातून नेले, बघायला दुतर्फा गर्दी. लिन वांग २००३ मध्ये गेला, वय ८६ सांगतात, आणि लोकांनी त्याला माणसासारखा निरोप दिला. १९८६ मध्ये लिएन चोवीस वर्षांचे होते. जंगली प्राणी ट्रकवर बसून रस्त्यावरून चाललेत असं ज्या शहराने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तिथल्या माणसाला रिकाम्या फॅक्टरीत प्राणी ठेवावासा वाटला तर मला आश्चर्य वाटत नाही. (हे जोडणं माझं आहे, त्यांच्या तोंडचं नाही.)

गेंडा म्हणजे काय, पक्षी म्हणजे काय, अशी काही यादी आहे का?

यादी करू नका, प्लीज. आपल्याला शाळेत अन्योक्ती शिकवतात, हत्तीला उद्देशून बोलायचं आणि टोला राजाला. तिथे जोडी ठरलेली असते, एकदा उत्तर कळलं की श्लोक सुटला. पंचतंत्रातला कोल्हा पण तसाच, धूर्त म्हणजे धूर्त. लिएन यांच्या चित्रात प्राण्याला गुण चिकटवलेला नाही. तो कपटी नाही, शूर नाही, तो फक्त चुकीच्या जागी आलाय आणि तरी घाबरलेला नाही.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, आधी जागा बघा, प्राणी नंतर. भिंत कसली आहे, छप्पर कुठे गेलं, इथे कोण काम करत असेल, त्यांच्या बुटांचे, कंदिलांचे आवाज कसे असतील. एवढं झालं की मग प्राण्याकडे नजर न्या. तेव्हा तो सजावटीचा वाटत नाही. जी माणसं निघून गेली त्यांच्या रिकाम्या जागेत तो उभा आहे असं वाटायला लागतं, आणि काही चित्रांत तर मला वाटतं की तोच घरी परत आलाय, परके आपण आहोत. माझ्यासाठी रूपक म्हणजे एवढंच, आणि एवढं पुरतं.

जादुई वास्तववाद म्हणतात तो हाच का?

हो, लिएन यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण हाच शब्द वापरतात. सोपं करून सांगायचं तर, चित्रातली प्रत्येक गोष्ट वेगळी काढून बघितली तर खरी, एकत्र बघितली तर अशक्य.

हे फोटोशॉप किंवा एआय वाटतं. खरंच हाताने काढलंय?

कॅनव्हासवर तैलरंग, हाताने. मोबाइलवर सगळं सपाट दिसतं म्हणून तसं वाटतं. प्रत्यक्षात जवळ गेलात की गंजलेल्या पत्र्यावरचा रंग आणि गवताचा रंग वेगवेगळ्या हाताने लावल्यासारखा दिसतो, आणि पाण्याचा भाग एकदम पातळ, गुळगुळीत.

फोटोसारखं हुबेहूब काढायची ओढ इथे सत्तरच्या दशकात आली. १९७१ मध्ये तैवानची संयुक्त राष्ट्रांमधली जागा गेली, जग पाठ फिरवतंय असं लोकांना वाटायला लागलं, आणि त्याच काळात लेखक-चित्रकार आपल्याच गावांकडे, जुन्या घरांकडे, शेतांकडे वळले, 'मायभूमी'ची चळवळ म्हणतात तिला. अमेरिकेतला फोटोरिअलिझम तेव्हा मासिकांतून पोचत होता तो त्यांना उपयोगी पडला. लिएन त्याच्या पुढच्या पिढीचे. आधीच्यांनी जुनं घर हुबेहूब काढलं, यांनी ते घर तितकंच हुबेहूब काढलं आणि दार उघडं ठेवून एक जनावर आत येऊ दिलं.

जुन्या चिनी डोंगर-पाण्याच्या चित्रांशी याचं नातं आहे का?

आहे असं मला ठाम वाटतं. त्या परंपरेला शानश्वेई म्हणतात, शब्दशः डोंगर-पाणी. त्यात डोंगर प्रचंड, धुकं, पाणी आणि माणूस मुंगीएवढा, पुलावरून चाललेला नाहीतर होडीत बसलेला. चित्र एकदम बघायचं नसतं, त्या छोट्या माणसाबरोबर आत चालत जायचं असतं. लिएन यांच्याकडे तेच आहे, डोंगर, पाणी, दमट हवा, फक्त डोंगराला मजले आहेत आणि चालणारा माणूस नाही.

आणि चॅन म्हणजे झेन बौद्ध परंपरेतली ती दहा चित्रांची मालिका आहे ना, एक गुराखी हरवलेलं जनावर शोधतो, आधी पावलं दिसतात, मग शेपूट, मग जनावर सापडतं, घरी आणतो आणि पुढे जनावर पण विसरतो. जनावर म्हणजे आपलं मन. ही मालिका बाराव्या शतकापासून चालत आलीय, इकडे देवळांत दिसते. प्राणी शोधत चित्रात शिरायची सवय या भागातल्या लोकांना जुनी आहे.

तैवानमध्ये यांच्याआधी प्राणी कोणी काढले?

पुष्कळांनी, पण दोघांबद्दल तरी सांगायलाच हवं.

हुआंग तू-श्वेई, शिल्पकार, १८९५ ते १९३०. टोकियोच्या कलाशाळेत शिकलेला पहिला तैवानी. त्याचं शेवटचं मोठं काम म्हणजे म्हशींचं उठावशिल्प, पाच म्हशी, तीन गुराखी पोरं आणि मागे केळीची पानं, साडेपाच मीटर रुंद. तैपेईच्या चुंगशान हॉलमध्ये जिन्याच्या वर लावलंय, फुकट बघता येतं. एका पोराने म्हशीच्या तोंडाशी हात नेलाय आणि म्हैस मान खाली घालून उभी आहे, ते बघताना मला आमच्या आजोळचा गोठा आठवतो. चिनीत गाय, बैल, म्हैस सगळ्यांना मूळ शब्द एकच, नीउ. म्हशीला 'पाण्यातली नीउ' म्हणतात. आपल्याकडे गाय आणि म्हैस एका शब्दात बसवली तर आजी ऐकून घेणार नाही!

दुसरे लिन यू-शान, १९०७ ते २००४, जिआयी गावचे. १९२७ मध्ये सरकारी कलाप्रदर्शन पहिल्यांदा भरलं तेव्हा त्यांचं म्हशीचं चित्र निवडलं गेलं, वय वीस. पण मला धरून ठेवतं ते १९४४ चं, घरी परत निघालेली शेतकरी बाई आणि तिच्याबरोबर म्हैस, पाठीवर उसाच्या वाढ्याचे भारे. कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणालाही हे चित्र समजावून सांगावं लागत नाही, हंगामात संध्याकाळी रस्त्याला हेच दिसतं. म्हशीच्या अंगावरचे केस एकेक करून काढलेत, विरळ, राठ, आणि त्यांच्यामधून कातडी दिसते. १९४४ म्हणजे ऐन युद्धाचं वर्ष, आणि चित्रात फक्त दमलेली बाई आणि दमलेलं जनावर, बास.

लिन यू-शान यांच्या जनावराला माहीत आहे घर कुठे आहे. पन्नासेक वर्षांनी लिएन यांच्या प्राण्याला माहीत नाही. तैवानचं काय झालं हे या दोन चित्रकारांच्या मध्ये कुठेतरी आहे असं मला वाटतं, शेतातून कारखाना, कारखान्यातून ओसाड डोंगर.

यात राजकारण आहे का?

सरळ नाही. पण १९४९ ते १९८७ इथे मार्शल लॉ होता, अडतीस वर्षं. तो १५ जुलै १९८७ ला उठला आणि जिनग्वाशीची खाण कंपनीही त्याच वर्षी बंद झाली. एका बाजूला बोलायची मोकळीक आली आणि दुसऱ्या बाजूला ज्यांनी आयुष्यभर जमिनीखाली काम केलं त्यांची जागा गेली. लिएन यांची पिढी या सांध्यावर मोठी झाली. झेंडे, नेते, घोषणा त्यांच्या या निसर्गचित्रांमध्ये शोधू नका. काय उरलं ते शोधा.

मला ही चित्रं बघून उदास वाटतं, माझंच चुकतंय का?

अजिबात नाही. मला पण सुरुवातीला वाटायचं. मग एकदा जानेवारीत आम्ही श्वेईनानतुंगला गेलो होतो, वाऱ्याने छत्री उलटी, बूट ओले, प्लांटच्या समोरच्या रस्त्यावर उभे. वरच्या कुठल्यातरी मजल्यावर, खांबांच्या मधे, एक काळं कुत्रं उभं होतं. भुंकलं नाही, हललं नाही, पाच मिनिटं आमच्याकडे बघत राहिलं आणि मग आत निघून गेलं, जसं काही आत त्याचं काम होतं. त्या दिवसापासून मला ती चित्रं उदास वाटेनाशी झाली. तिथे कोणीतरी राहतं हे बघितलं ना.

आणि जवळच होउतोंग गाव आहे, तिथली कोळशाची खाण १९९० मध्ये बंद पडली, लोक गेले, मांजरं राहिली. आज लोक मुद्दाम ट्रेन पकडून त्या मांजरांना बघायला जातात आणि त्यामुळे गाव जगलंय. म्हणजे जे चित्रात दिसतं ते खरोखर घडलंय, फक्त गेंड्याच्या ऐवजी मांजर.

लहान मुलांना दाखवू का?

जरूर, मोठ्यांपेक्षा ती चांगलं बघतात. माझ्या सहा वर्षांच्या भाचीला व्हिडिओ कॉलवर एक चित्र दाखवलं तर तिने अर्थबिर्थ काही विचारला नाही, 'मावशी, हा झोपतो कुठे?' एवढंच. मग आम्ही दोघींनी चित्र मोठं करून छप्पर शाबूत असलेला कोपरा शोधला.

प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतील?

तैपेई फाइन आर्ट्स म्युझियमच्या संग्रहात आहेत, हे १९८३ मध्ये उघडलेलं तैवानचं पहिलं सरकारी आधुनिक कलेचं म्युझियम, युआनशान मेट्रो स्टेशनपासून चालत. (लिन वांग राहायचा ते जुनं प्राणिसंग्रहालय पण याच भागात होतं.) संग्रहातली चित्रं कायम भिंतीवर नसतात, आलटून पालटून लावतात, त्यामुळे जायच्या आधी चालू प्रदर्शन कुठलं ते बघून जा.

आणि त्या खाणी बघायला कसं जायचं?

तैपेईहून ट्रेनने रुईफांग, तिथून बसने जिओफेन आणि पुढे जिनग्वाशी. जिओफेनला गर्दी प्रचंड, चहाची दुकानं, लाल कंदील, तिथे फार वेळ घालवू नका. जिनग्वाशीला गोल्ड म्युझियम आहे, २००४ मध्ये सुरू झालं, तिथे २२० किलोची सोन्याची वीट ठेवलीय आणि पेटीच्या भोकातून हात घालून तिला हात लावता येतो. थंडगार असते आणि इतक्या लोकांनी हात लावूनही चकचकीत. बाजूच्या जुन्या बोगद्यात हेल्मेट घालून जाता येतं.

तिथून खाली समुद्राकडे उतरलं की तेरा मजली प्लांट. आत जायला बंदी आहे, कुंपण ओलांडू नका, स्लॅब कधीही खाली येईल अशी अवस्था आहे. मागच्या डोंगरावरून धूर वाहून न्यायचे तीन लांबच लांब पाइप गेलेत, त्यांच्या आत विषारी धातूंचा थर आहे त्यामुळे त्यांच्यापासून पण लांबच. २०१९ मध्ये संध्याकाळी प्लांटवर पिवळसर दिवे लावायला सुरुवात झाली, सुंदर दिसतं, पण लिएन यांची चित्रं डोक्यात असतील तर दुपारी तीन-चारला पोचा, ढगाळ दिवस असला तर उत्तमच. छत्रीपेक्षा रेनकोट न्या, वारा छत्री टिकू देत नाही. आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ स्टॉपवर उतरल्या उतरल्याच बघून ठेवा.